गळ काढताना: शब्दकोड्याच्या अ‍ॅपच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आमचं अ‍ॅप छोटंसं आहे. रोज एक चार अक्षरी मराठी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न. शब्द माझी मैत्रीण काढते, ती सांगलीला कॉलेजात मराठी शिकवते. कोड मी लिहिते, नाशिकला, घरी बसून. २०२२ च्या सुरुवातीला जिकडेतिकडे वर्डल या इंग्रजी शब्दकोड्याचे हिरवे-पिवळे चौकोन दिसत होते, त्याच लाटेत आम्ही पाडव्याला प्ले स्टोअरवर उतरलो. वर्डलची गंमत म्हणजे दिवसाला एकच कोडं, सुटलं की विषय संपला. आमचंही तसंच होतं. मग आकडे दिसायला लागले. माणूस येतो, चार मिनिटांत कोडं सोडवतो आणि जातो. चार मिनिटांत जाहिरात दाखवायची कधी? तिथून पुढे दोन वर्षं मी माणसाला अडकवून ठेवणारा एकेक गळ लावत गेले. आता ते काढायचेत. हेच काम कुणी स्वतःच्या अ‍ॅपवर करणार असेल तर माझा वेळ नि पैसा कुठे गेला ते कळावं, म्हणून ही वही.

निमित्त साधं घडलं. प्ले स्टोअरच्या पानावरची जुनी चित्रं बदलायला बसले होते. त्यात एका वापरकर्त्याच्या मेलमधली दोन वाक्यं आम्ही मोठ्या अभिमानानं चिकटवलेली. लातूरचे निवृत्त मुख्याध्यापक. २०२३ च्या दिवाळीत त्यांच्या पत्नीची अँजिओप्लास्टी झाली होती. ‘रात्री पावणेबाराला आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून कोडं सोडवलं. स्ट्रीक तुटू दिली नाही.’ स्ट्रीक म्हणजे सलग किती दिवस कोडं सोडवलं तो आकडा. तेव्हा ते वाचून मी मैत्रिणीला बदामाचं चिन्ह पाठवलं होतं. आज वाचलं आणि ते चित्र काढून टाकलं.

संध्याकाळी कोड उघडून मोजदाद केली. स्ट्रीक, बक्षिसाचं चाक, दिवसाला तीन नोटिफिकेशनं, लाल ठिपका, खोटी घाई लावणारं घड्याळ, ओशाळवणारं बटण, न संपणारी जुन्या कोड्यांची यादी, लीडरबोर्ड आणि त्या लीडरबोर्डमधलं एक प्रकरण जे पुढच्या एखाद्या नोंदीत येईल. आज लिहायची हिंमत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे वापरणाऱ्याला फसवणाऱ्या युक्त्यांची, तेरा प्रकारांची यादी काढली होती, ती शेजारी ठेवून ताडून पाहिलं. तेरापैकी चार आमच्याकडे सापडले. गंमत म्हणजे चाक आणि स्ट्रीक त्या तेरांत कुठेच बसत नाहीत, आणि आमचे सगळ्यात जोरात ओढणारे गळ तेच दोन.

मैत्रिणीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं पण पैसे?” डिसेंबरात जाहिरातींचे ११,४०० रुपये आले होते. त्यातले सात हजाराच्या आसपास नुसते ‘व्हिडिओ बघा, चाक पुन्हा फिरवा’ आणि ‘व्हिडिओ बघा, स्ट्रीक वाचवा’ यांचे. म्हटलं, मार्चअखेरपर्यंत बघू.

मंगळवार, ७ जानेवारी

सोपी कामं आधी. नोटिफिकेशनची परवानगी मागताना आमच्याकडे दोन बटणं होती. एक मोठं, केशरी: ‘हो, आठवण करा’. दुसरं बारीक, राखाडी: ‘नको, मला मराठी सुधारायची नाही’. दुसरं वाक्य माझंच. सुचलं तेव्हा मी एकटीच हसले होते, तेही आठवतंय. आता ‘हो’ आणि ‘नको’, सारख्या आकाराची. ‘दुप्पट नाणी! फक्त ०९:५९ उरली’ हे घड्याळ दर वेळी अ‍ॅप उघडलं की परत दहा मिनिटांवर यायचं. तेही उडवलं. दोन्ही मिळून दोन तास. सगळं काम असंच असेल असं वाटलं.

शनिवार, ११ जानेवारी

नोटिफिकेशनं. सकाळी आठला नवं कोडं, रात्री आठला ‘शब्द तुमची वाट बघतोय’ आणि साडेदहाला, ज्यांनी सोडवलं नाही त्यांना, ‘तुमची स्ट्रीक दीड तासात मरणार!’ ‘मरणार’ हा शब्द चाचणीत ‘तुटणार’पेक्षा जास्त चालला होता, म्हणून ठेवलेला.

रात्री आठच्या नोटिफिकेशनबद्दल मैत्रीण म्हणाली, “आमच्या जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावला काय चालतं माहितेय ना?” कडेगाव तालुक्यातल्या त्या गावानं २०२२ मध्ये ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, मग दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. तिथे आमचं कुणी वापरत असेल तर आम्ही बरोबर त्या दीड तासात ठोठावत होतो. वेळ आठचीच का निवडली? जेवणाआधीचा मोकळा वेळ, तेव्हा लोक हमखास उघडतात. त्या गावानंही तीच वेळ तेवढ्याचसाठी निवडली असणार.

ठरवलं: नोटिफिकेशन एकच, वेळ वापरणाऱ्यानं स्वतः निवडायची, आणि मुळात बंद. अँड्रॉइड १३ पासून परवानगी मागावीच लागते, पण जुन्या फोनांवर न विचारता सगळं चालू असतं, तेव्हा ‘मुळात बंद’ हे आपण आपलं करायचं. दुपारी कोड झालं, रात्री रिलीज टाकलं. पायरीपायरीनं न जाता सगळ्यांना एकदम. ही चूक.

गुरुवार, १६ जानेवारी

सोमवारपासून मेल सुरू झाले. “बंद केलं म्हणता, मग रात्री साडेदहाला आलं कसं?” मंगळवारी संक्रांत होती, तरी एकानं तिळगुळासकट शिवी पाठवली.

कारण नीट लिहून ठेवते, कारण यात चार दिवस गेले. रात्रीचं काम मी वर्कमॅनेजरकडे (ठरलेली कामं मागच्या मागे चालवणारी अँड्रॉइडची सोय) दिलेलं होतं. नव्या व्हर्जनमधून मी ‘हे काम रोज कर’ असं सांगणारी ओळ काढली. पण ज्या फोनवर ते आधीच सांगून झालंय, तिथे त्याची नोंद फोनमध्येच राहते. अ‍ॅप अपडेट झालं तरी जात नाही. सांगणं बंद केलं म्हणजे काम थांबत नाही, ते नाव घेऊन रद्द करावं लागतं. रद्द करणारी ओळ अ‍ॅप उघडल्यावर चालणार म्हणावं, तर ज्यांनी आमच्यावर वैतागून अ‍ॅप उघडणंच सोडलंय त्यांना साडेदहाचा ठोका चालूच. शेवटी त्या कामाचाच गाभा काढून टाकला: रात्री उठायचं, काही दाखवायचं नाही, स्वतःला रद्द करायचं. ती पोकळ फाइल अजून दोन-तीन व्हर्जन तरी ठेवणार आहे.

प्ले स्टोअरवर बाहेर पडलेलं व्हर्जन परत घेता येत नाही. रोलआउट, म्हणजे पुढच्यांना पोचवणं, थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे पोचलं ते पोचलं, त्यावर फक्त नवं व्हर्जन चढवता येतं. म्हणून आधी दहा टक्के, दोन दिवस वाट, मग पुढे. हे मला माहीत होतं. घाई होती. सात एक-तारा अभिप्राय मिळाले.

बुधवार, २२ जानेवारी

आज चाक उघडलं.

आठ पाकळ्यांचं रंगीत चाक. ५, १०, ५, २०, ५००, ५, १०, ५० नाणी. दिसायला सगळ्या पाकळ्या सारख्या. बघणाऱ्याला वाटतं की चाक फिरतं, हळू होतं, जिथे थांबेल ते आपलं नशीब. प्रत्यक्षात बोट लागताक्षणी उत्तर ठरलेलं असतं. कोड आधी वजनांच्या यादीतून आकडा उचलतो (५०० चं वजन चारशेत एक), मग त्या पाकळीचा कोन काढतो, त्यात पाच-सहा पूर्ण फेऱ्या मिळवतो आणि शेवटच्या सेकंदाला वेग असा उतरवतो की छाती धडधडावी. फिरणं निव्वळ देखावा.

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. हरण्याच्या दर दहा खेपांपैकी तीनदा चाक ५०० च्या अगदी शेजारच्या पाकळीत थांबवायचं, तेही ५०० च्या बाजूच्या कडेला, काटा रेषेला टेकेल इतकं. वर माझ्याच हातची टिप्पणी: ‘जवळून हुकलं की परत फिरवतात. मार्च २३.’ ही ओळ मी रात्री लिहिली होती, मुलगी झोपल्यावर. लिहिताना काही वाटलं नव्हतं. ती अ‍ॅनिमेशनची अडचण होती आणि मी ती सोडवली होती, इतकंच.

यामागची गोष्ट जुनी आहे. स्किनरच्या पेटीतल्या कबुतराला ठरावीक टोचांनंतर दाणा दिला तर दाणा खाऊन ते जरा थांबतं. दाणा कधी येईल याचा नेम ठेवला नाही तर ते थांबत नाही, टोचतच राहतं. मी कबुतराला शिवाय ‘आत्ता मिळालाच होता’ असंही दाखवत होते.

रविवार, २६ जानेवारी

चाक सरळ काढून टाकायचं की प्रामाणिक करायचं? मला वाटलं प्रामाणिक करावं. आठ पाकळ्या, आठांना सारखी संधी, जिथे थांबेल ते खरं. गुरुवारी दहा टक्के लोकांना दिलं.

वाट लागली. दर आठ खेपांत एकदा ५०० नाणी. नाण्यांवर अक्षर उघडून मिळतं, एक अक्षर ५० नाण्यांना. तीन दिवसांत या दहा टक्क्यांतले बरेच जण चारही अक्षरं विकत घेऊन कोडं ‘सोडवायला’ लागले. एकानं लिहिलं, “आता मजा राहिली नाही.” खरं होतं. चाक खोटं होतं म्हणून नाण्याला किंमत होती. चाक खरं केल्यावर नाणी कचरा झाली, आणि त्यांच्याबरोबर कोडंही.

मग चाक, नाणी, सगळं काढलं. आता प्रत्येक कोड्याला दोन अक्षरं फुकट उघडता येतात, कुणालाही. पण लोकांनी साठवलेल्या नाण्यांचं काय? एका बाईंकडे चौदा हजारांवर होती. दोन वर्षं रोज चाक फिरवून, व्हिडिओ बघून जमवलेली. त्यांचा मेल एका ओळीचा होता: “माझी नाणी कुठे आहेत?” जुनी कोडी नाण्यांवर उघडायची, ती आम्ही सगळ्यांना खुली केली, म्हणजे हिशेबानं त्यांचं नुकसान नाही, असं उत्तर मी आधी लिहिलं. मैत्रिणीनं वाचून मला ते पाठवू दिलं नाही. “हिशेब सांगू नकोस तिला. माफी माग.” मागितली. उत्तर आलं नाही. अ‍ॅपही काढून टाकलं असावं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लीडरबोर्ड.

२०२२ च्या शेवटी आमच्याकडे दिवसाला जेमतेम तीनशे माणसं होती. तीसतीस जणांचे गट करून आठवड्याची चुरस लावायची होती. गट भरेनात. मग मी ते भरले. तीसपैकी बावीस जण खोटे. नाव, गाव, फेट्याचं किंवा नथीचं चित्र, सगळं यादीतून उचललेलं. माणसं वाढल्यावर काढू म्हटलं होतं. माणसं वाढली, आकडे छान दिसत होते, काढायचं राहून गेलं.

त्यातही हे खोटे नुसते बसून नव्हते. रात्री पावणेनऊला एक काम चालायचं. गटातल्या खऱ्या माणसानं दुपारपासून अ‍ॅप उघडलं नसेल तर वरच्या खोट्या तिघांचे गुण त्याच्यापेक्षा पाच ते पंधरानं पुढे न्यायचे, आणि मग ‘तुम्हाला कुणीतरी मागे टाकलंय’. तीन आठवड्यांतून एकदा जिंकूही द्यायचं. सलग हरला तर माणूस सोडून देतो, सलग जिंकला तरी सोडतो.

हे सगळं एरवी मी आकड्यांतच बघितलं असतं. पण माझी बार्शीची आत्या पहिल्या दिवसापासून खेळते. वय एकाहत्तर. तिच्या गटात ‘अबोली, चिपळूण’ म्हणून एक आहे. आत्या गेलं वर्षभर फोनवर सांगते, “ही चिपळूणची पोरगी लई हुशार आहे गं. रात्री जेवण झालं की पुढं जाते. नोकरी करत असंल बिचारी, दिवसा वेळ मिळत नसंल.” मी हं हं करत आलेय. अबोली पावणेनऊला का पुढे जाते ते मला माहीत होतं.

आज खोटे सगळे काढले. एक टेबल रिकामं करायचं, एक काम बंद करायचं, पाऊण तास. सर्व्हरचं बिलही महिन्याला चारशे रुपयांनी उतरेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आत्याचा फोन. “का गं, ती अबोली दिसत नाही चार दिवस झाले. आजारी बिजारी आहे का? तुला बघता येतं का तिकडून?”

“बघते,” म्हणाले. वहीत प्रामाणिक राहायचं ठरलंय म्हणून लिहितेय: सांगितलं नाही.

तीस जणांच्या गटात आता आठच खरी माणसं उरलीत, तीही एकमेकांना अनोळखी. लीडरबोर्डच काढून टाकला. त्याजागी, आपल्या ओळखीच्यांना गटाचा क्रमांक देऊन गट करता येतो. कुणी केला नाही तर नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल स्ट्रीक काढली. आज सकाळपर्यंत ४१ मेल.

या वेळी दहा टक्क्यांनाच दिलं होतं, शहाणपणानं. पण त्या दहा टक्क्यांत लातूरचे सर निघाले. मेलमध्ये फोन नंबर आणि एवढंच: “६११ दिवस होते. कृपया फोन करावा.”

केला. जवळजवळ चाळीस मिनिटं बोललो.

“मॅडम, पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसं काढलंत.”

“सर, तुमच्या त्या मेलवरूनच हे सगळं सुरू झालं. आयसीयूच्या बाहेर बसून तुम्ही...”

“हां, मग? त्या रात्री दुसरं करण्यासारखं काय होतं हो? आत सोडत नव्हते. मुलगा पुण्याहून निघालेला, पोचायचा होता. तुमच्या शब्दानं पाऊण तास काढला माझा.”

मला बोलता येईना. मी ज्याला गळ म्हणत होते, त्याला धरून माणूस रात्रभर बसला होता. मग तेच हळू आवाजात म्हणाले, “पण एक आहे. पावणेबाराला दचकून उठलो तो स्ट्रीकसाठी. आधी मनात ती आली, मग बायको. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.”

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. मास्तर माणूस. “आकडा ठेवा, पण खाली येणारा नको. हजेरीपटात गैरहजेरीचा शेरा पडतो, म्हणून मागच्या हजेऱ्या कुणी पुसत नाही.”

मंगळवार, १८ फेब्रुवारी

‘आजवर सोडवलेली कोडी’ असा आकडा, जो फक्त वाढतो. कल्पना दोन मिनिटांची, काम सहा दिवसांचं, कारण माझ्या डेटाबेसला हा आकडा माहीतच नव्हता. मी तीनच गोष्टी साठवत होते: चालू स्ट्रीक, सर्वांत मोठी स्ट्रीक, शेवटची तारीख. स्ट्रीक तुटली की त्याआधीचं सगळं पुसलं जायचं. सुटलेल्या कोड्यांची वेगळी नोंद सप्टेंबर २०२३ पासूनच आहे. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष गेलं ते गेलं.

तडजोड केली: वेगळ्या नोंदीतली संख्या आणि सर्वांत मोठी स्ट्रीक, यांपैकी जे मोठं ते. पहिल्या प्रयत्नात मी दोन्हींची बेरीज केली आणि लोकांचे आकडे अ‍ॅपच्या वयापेक्षा मोठे दिसायला लागले. एकीनं विचारलं, “मी जन्माआधी खेळत होते का?” दुरुस्त केलं. तुमच्या अ‍ॅपमध्ये स्ट्रीक असेल तर ती काढायचा विचार नसला तरी आजच प्रत्येक दिवसाची नोंद ठेवायला लागा. नंतर ती कुठूनही उगवत नाही.

सरांना या हिशेबानं ६११ मिळाले. त्यांनी कळवलं की खरा आकडा ८४७ आहे, पहिल्या दिवसापासून डायरीत शब्दासकट लिहिलेला आहे, पानांचे फोटो पाठवू का? म्हटलं, नको, विश्वास आहे. डेटाबेसमध्ये हातानं ८४७ टाकला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. दर वर्षी या दिवशी आम्ही दुप्पट नाणी आणि दिवसभर नोटिफिकेशनं लावायचो. यंदा फक्त एक अवघड शब्द. मैत्रिणीनं ‘आडमुठा’ दिला. ठ वर बरेच जण अडकले.

शनिवार, १ मार्च

आजची नोंद माझ्याबद्दल.

कोडं सुटल्यावर आता एकच पडदा येतो: ‘आजचं झालं’ आणि खाली ‘बंद करा’. लोक सरासरी अकरा मिनिटं थांबायचे, ते पुन्हा चारवर आले. हेच हवं होतं. तरी गेला आठवडा मी जाहिरातींचं पान, प्ले स्टोअरचं पान आणि ‘आत्ता किती जण आत आहेत’ दाखवणारं पान, ही तीन, फोनवरच्या त्यांच्या अ‍ॅपांतून, आळीपाळीनं उघडतेय. नवऱ्यानं काल रात्री विचारलं, “तुझं चाक कुठल्या खात्यात मोजायचं?” चिडले. मग फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बघितलं. शुक्रवारी एका दिवसात ती अ‍ॅपं ६४ वेळा उघडली होती. जाहिरातींचा आकडा केव्हा बदलेल याचा नेम नसतो. कधी तासाभरात बारा रुपये वाढतात, कधी तीन तास काही नाही. खाली ओढायचं, गोल फिरतं, बघायचं. आमच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये त्या गोल फिरण्याला मी मुद्दाम ९०० मिलीसेकंद उशीर लावला होता, आकडा लगेच आला तर उत्सुकता राहत नाही म्हणून. तो उशीर कालच काढला होता.

उपाय: फोनवरून तिन्ही काढली. सोमवारी सकाळी एक मेल यावा अशी स्क्रिप्ट लिहिली, आठवड्याचे चार आकडे. तिसऱ्या दिवशी काय होतं ते लिहीन.

मंगळवार, ४ मार्च

ब्राउझरमधून लॉगिन केलं. दोनदा.

शनिवार, ८ मार्च

जुन्या कोड्यांची न संपणारी यादी. बोटानं सरकवत राहिलं की खालून नवी येत राहतात. ही युक्ती आझा रास्किन या डिझायनरनं २००६ मध्ये काढली आणि पुढे त्यांनाच तिचा पस्तावा झाला. आमच्याकडे ती यादी एका तयार लायब्ररीवर चालते, म्हणजे मला ती लावायला वीस मिनिटं लागली होती. काढायला अडीच दिवस. महिन्याचं एक पान, खाली ‘फेब्रुवारी संपला’, मागच्या महिन्यासाठी वेगळं बटण. वेळ गेला तो तळाशी पोचल्यावर काय दाखवायचं यात. आपल्या सगळ्या साधनांनी तळ नाही असंच गृहीत धरलेलं असतं.

नव्या माणसाला आम्ही ‘दहा पैकी दोन घरं भरलेलं’ कार्ड द्यायचो, तेही याच दिवशी काढलं. मोटार धुण्याच्या दुकानातल्या कार्डांवर हा प्रयोग झालेला आहे, २००६ सालीच छापून आलाय: आठ रिकामी घरं दिली तर १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दहा घरं देऊन दोन आधीच भरून दिली तर ३४ टक्क्यांनी. काम दोघांनाही आठच. आमच्याकडेही ते तितकंच चोख चालत होतं. काढताना जीव थोडा अडखळला, खोटं कशाला सांगू.

रविवार, ३० मार्च, पाडवा

अ‍ॅपला तीन वर्षं झाली. हिशेब.

वेळ साधारण १४० तास. त्यातले निदान साठ माझ्या चुका निस्तरण्यात. रोज सोडवणारे २,१०० होते, आता १,४५० च्या आसपास. जाहिरातींचे फेब्रुवारीत ३,९००, मार्चमध्ये ३,१५०. पंधरा मार्चपासून जाहिरातीविना व्हर्जन ठेवलं, एकदाच १४९ रुपये. जीएसटी आणि गुगलचे पंधरा टक्के जाऊन हाती १०७ पडतात. ३८ जणांनी घेतलं, म्हणजे ४,०६६. एकूण मार्च ७,२१६. डिसेंबरपेक्षा चार हजारांनी कमी, आणि ३८ जण काही दर महिन्याला नवे येणार नाहीत. मैत्रीण म्हणाली, दिवाळीपर्यंत चालवू, मग बघू. तिचे शब्दांचे पैसे मी दोन महिने दिलेले नाहीत. तिनं मागितले नाहीत.

संध्याकाळी आत्याला फोन केला. श्रीखंड झालं का, पाय कसा आहे, सगळं झालं आणि मग सांगितलं. अबोली कुणी नाही. मी बनवलेली होती. पावणेनऊला तिचे गुण वाढवणारं एक यंत्र होतं.

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“म्हंजे वरीसभर मी रोज रात्री तुझ्याशी भांडत होते व्हय?”

“हो आत्या.”

“मग सरळ फोन करायचा की.”

रात्री तिला माझ्या गटात घेतलं. तीन माणसं आहेत: आत्या, मी आणि माझी मुलगी. आत्यानं सकाळचं कोडं तिसऱ्या प्रयत्नात सोडवलेलं दिसतंय, माझं अजून व्हायचंय.

बाकी कामं: टॅबवर ‘बंद करा’ बटण खालून कापलं जातंय. पोकळ फाइल जूनच्या व्हर्जनमध्ये काढायची. चौदा हजार नाण्यांच्या बाईंना पुन्हा एकदा मेल.